मोठ्या नदीची तब्येत पाण्यातल्या किड्यांवरून कशी ओळखायची

बाटलीत पाणी भरून लॅबला दिलं की फक्त त्या वेळचं पाणी कळतं, परवा रात्री कुणी मळीचं पाणी सोडून गेलं असेल तर बाटलीत काहीच दिसत नाही, पण तळाचे किडे महिनोन्‌महिने तिथेच राहतात आणि जे झालं ते सगळं सोसतात. म्हणून कृष्णेसारख्या नदीला ही तपासणी हवीच. फक्त ओढ्यावरची पद्धत जशीच्या तशी सांगलीत वापरू नका, उत्तर चुकतं.

आधी जागा ठरवा. तुलना सारख्याशी सारख्याची करायची. महाबळेश्वरजवळच्या थंड, दगडी ओढ्यातले स्टोनफ्लाय (स्वच्छ, वाहत्या पाण्यात राहणारे किडे) सांगलीच्या गाळात शोधून मिळाले नाहीत म्हणजे नदी मेली असं नाही. तसंच कोल्हापुरी बंधाऱ्याच्या फुगवट्यात पाणी थांबलेलं असतं, तिथे वाहत्या पाण्यातले किडे तसेही कमीच. त्यामुळे शहराच्या वर एक आणि खाली एक जागा घ्या, दोन्हीकडे प्रवाह, खोली आणि तळ शक्य तितका सारखा हवा. पावसाळ्यात पुराने सगळं धुऊन जातं, मग नोव्हेंबर ते मे हा काळ बरा.

मधोमध उतरायचं नाही. भिलवडी-औदुंबर पट्ट्यात मगरी आहेत, त्यामुळे स्थानिक लोकांना विचारल्याशिवाय काठालाही जाऊ नका आणि एकटे तर नकोच. काठाला गुडघाभर पाण्यात अर्धा मिलिमीटर जाळीचं नेट धरायचं, त्याच्या वर, प्रवाह येतो त्या बाजूला पायाने तळ ढवळायचा, दगड उलटे करून घासायचे, गवताची मुळंही झाडायची. सगळीकडे मिळून तीन मिनिटं, आणि दोन्ही जागी वेळ सारखाच.

खोल पाण्यासाठी तारेच्या जाळीच्या टोपलीत दगड भरून ती तरंगत्या डब्याला बांधून सोडायची आणि साधारण सहा आठवडे ठेवायची. धरणातून विसर्ग कमी झाला तर टोपली उघडी पडते, तेवढी खोली आधीच ठेवा. वर काढताना खाली नेट धरा, नाहीतर अर्धे किडे पाण्यातच गळून जातात.

आता पांढऱ्या ट्रेमध्ये थोडं पाणी घेऊन बघा. मेफ्लाय नावाच्या किड्याच्या पाण्यातल्या पिल्लाला बहुतेक वेळा तीन शेपट्या असतात आणि पोटाच्या दोन्ही कडांना कल्ले, ते फडफडताना भिंगातून स्पष्ट दिसतात. लाल, वळवळणाऱ्या अळ्या म्हणजे कायरोनोमिड, डासासारख्या दिसणाऱ्या माशीच्या अळ्या, त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं म्हणून कमी ऑक्सिजनमध्येही त्या टिकतात. फायसा गोगलगाय हवेतूनच श्वास घेते, त्यामुळे ती भरपूर दिसली तर खूश होऊ नका.

मार्क देण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा तक्ता घ्या, त्यात प्रत्येक कुळाला (जवळच्या जातींच्या गटाला) १ ते १० गुण आहेत, घाण न सोसणाऱ्याला जास्त, आणि कुळापर्यंत ओळख पटली तरी पुरतं. त्याचं मूळ असलेल्या ब्रिटिश पद्धतीचे आकडे घेऊन उदाहरण सांगतो: लेप्टोफ्लेबिडी (मेफ्लायचं एक कुळ) १०, हायड्रोप्सायकिडी (जाळं विणणाऱ्या कॅडिसफ्लायच्या अळ्या) ५, बेटिडी (मेफ्लायचंच दुसरं कुळ) ४, फायसिडी (फायसा गोगलगाय) ३, कायरोनोमिडी (लाल अळ्या) २, ऑलिगोकीट (गांडुळासारखे किडे) १, बेरीज २५, भागिले ६, म्हणजे ४.१७. यात किती किडे मिळाले ते मोजायचं नाही, कुळ एकदाच धरायचं.

विविधता वेगळी काढायची. किडे जसे हाताला येतील तसे रांगेत ठेवा आणि प्रत्येकाची आधीच्याशी तुलना करा, वेगळा निघाला की नवा गट सुरू. २० किड्यांत १२ गट झाले तर ०.६. इथे मनाने निवडून ठेवलेत की सगळा हिशोब बिघडतो. ४.१७ आणि ०.६ एकत्र धरले की मंडळाच्या ए (स्वच्छ) ते ई (अतिप्रदूषित) वर्गांत सी येतो, मध्यम प्रदूषण.

पण एका आकड्यावर पंचायतीत बोलायला जाऊ नका. खालच्या जागी गुण घसरलेत आणि तळही दगडाऐवजी गाळाचा आहे, तर आधी तळ सारखा असलेली जागा शोधून परत नेट मारा, कारण फरक सांडपाण्याचा आहे की नुसत्या गाळाचा हे त्याशिवाय कळणार नाही. जागेचा फोटो, तळाचा प्रकार, पाण्याची खोली आणि तारीख वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात तिथेच जा.