कोंबडीच्या पिल्लांखाली काय अंथरायचं?

पिल्लं आणायच्या आधी खाद्य कोणतं, बल्ब किती वॅटचा हे सगळेच विचारतात, खाली काय टाकायचं ते कोणी विचारत नाही, अन् पिल्लू तं चोवीस तास त्याच्यावरच राहते.

भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडचे असाल तं सरळ राईस मिलमधून धानाचं तूस आणा. हलकं राहते, लवकर सुकते, पायाला टोचत नाही. बारीक कोंडा मात्र नको, तो पिल्लं खात बसतात अन् ओला झाला की त्याचे गोळे होतात.

यवतमाळ-अकोल्याकडे बरेच जण घरचंच सोयाबीनचं कुटार (मळणीनंतर उरलेला भुसा) टाकतात, मला ते पिल्लांसाठी अजिबात पटत नाही. शेंगांची टोकं टोचतात, आणि पावसात भिजलेल्या ढिगातलं असलं तं वरून कोरडं दिसते पण आत बुरशी राहते, ती श्वासातून फुफ्फुसात गेली की पिल्लू चोच उघडून धापा टाकते आणि मंग औषधानं फारसं काही होत नाही. त्यापेक्षा सुताराकडचा रंध्याचा जाड छिलका बरा. आरा मशीनवरचा पिठासारखा भुसा नको, धूळ लय उडते.

थर दोन-तीन इंचाचा, हिवाळ्यात थोडा जास्त. जमिनीला आधी चुना मारून पूर्ण वाळू द्या. पहिले दोन-तीन दिवस वर पेपर टाका, नाहीतर दाणा न ओळखणारं पिल्लू तूसच खाते. चकचकीत कागद नको, त्यावर पाय घसरून फाकतात आणि पिल्लू उभंच राहत नाही. साधा पेपर चुरगळून उलगडायचा, रोज बदलायचा.

मंग रोज एक काम कराच. पाण्याच्या भांड्याजवळचं मूठभर तूस घट्ट दाबा, मूठ उघडल्यावर मोकळं सांडलं तं ठीक, लाडू वळला तं ओल जास्त झाली. आणि उकिडवे बसून नाक पिल्लांच्या उंचीवर न्या, उभ्यानं काही कळत नाही पण खाली डोळे चुरचुरले तं अमोनिया (विष्ठेतून सुटणारा उग्र वायू) साचलाय समजा. ओल राहिली की रक्ती हगवण लागते, म्हणून तेवढा ओला भाग काढून कोरडं टाका, भांडं विटेवर ठेवा, बाकीचं हातानं खालीवर करा, हवा खेळायला शेडचे पडदे थोडे उघडा.

बॅच निघाली की जुनं तूस उकिरड्यात टाका, वर्षभरात मस्त खत होते. नव्या पिल्लांखाली ते परत वापरू नका, कितीही कोरडं दिसलं तरी.