क्राफ्टला बसायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

मुलं आणि मोठी माणसं एकाच टेबलाला बसून हाताने काहीतरी बनवणार असतील ना, तर सगळ्यात पहिली तयारी सामान आणायची नाही, ती वस्तू स्वतः एकदा पूर्ण बनवून बघायची. पूर्ण म्हणजे शेवटच्या गाठीपर्यंत, आणि ज्या कागदावर, ज्या गोंदाने, ज्या कात्रीने मुलं करणार आहेत त्यानेच, मोबाइलवर वेळ लावून. व्हिडिओत 4 मिनिटांत झालेली गोष्ट आपल्याला 25 मिनिटं घेते, आणि आपल्याला 25 लागली तर सहा वर्षांच्या पोराला एक तास धरून चाला. हे जे करून बघणं आहे त्यात आपल्याला कळतं कुठे कागद फाटतो, कुठे तिसरा हात लागतो, कुठे गोंद ओघळतो, आणि ते कळलं की अर्धी यादी आपोआप तयार होते.

दुसरं, प्रोजेक्ट निवडताना आधी वाळायचा वेळ बघा, मग बाकी सगळं. मी हे नुकसान करून शिकलेय. एकदा फुग्यावर कागदाचे थर देऊन वाडगा करायचा ठरवला होता, उत्साहात आम्ही एकाच बैठकीत पाच थर चढवले, दुसऱ्या दिवशी सकाळी वरून हात लावला तर कडक वाटला म्हणून फुगा फोडला आणि आतला थर अजून ओलाच होता, वाडगा हळूहळू एका बाजूला बसला. ज्या मुलीने तो केला होता ती रडली नाही, नुसती हातात धरून उभी राहिली, ते मला अजून आठवतं. चूक तिची कुठेच नव्हती, वेळ मी चुकीचा धरला होता. तेव्हापासून नियमच केला, एका वेळी फार तर दोन थर, मग नीट वाळू द्यायचं, साधारण एक दिवस, हवा दमट असेल तर त्याहून जास्त, आणि मगच पुढचे दोन. म्हणजे कागदाच्या थरांचं काम ठरवलं की ते तीन-चार दिवसांचं काम आहे हे मुलांना आधीच सांगून टाकायचं, आज फक्त थर, रंग शनिवारी. सांगितलं की ती थांबतात, न सांगता थांबवलं की चिडतात.

त्या कामासाठी खळ आदल्या रात्री करून ठेवा, एक वाटी मैद्याला दोन वाट्या पाणी, गुठळी राहू न देता ढवळायचं, पातळ ताकासारखं झालं की बास. रद्दीचे कागद कापायचे नाहीत, हाताने फाडायचे, साधारण दोन बोटं रुंद पट्ट्या, कारण फाटलेल्या कडेला तंतू मोकळे असतात आणि ते शेजारच्या पट्टीत मिसळून जातात, कात्रीने कापलेली कड मात्र वाळल्यावर रेघेसारखी उठून दिसते. पट्ट्या फाडायचं काम अगदी लहानांना द्या, दोन-तीन वर्षांच्या मुलांना ते इतकं आवडतं की तोच त्यांचा प्रोजेक्ट होतो. फक्त फुगा त्यांच्या हाताला लागू देऊ नका, फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच गोळा करून बंद डब्यात, ते घशात अडकले तर फार वाईट अडकतात.

ज्यांना एकाच बैठकीत वस्तू हातात घेऊन उठायचंय त्यांनी वाळवण्याची भानगड नसलेलं काही निवडा, कागदाच्या घड्या, लोकरीचे गोंडे, ग्लू स्टिकने केलेलं कोलाज, नाहीतर शिवलेली वही. पांढरा गोंद तासाभरात वरून धरतो पण पूर्ण ताकद यायला 24 तास लागतात, त्यामुळे ज्या जोडावर वजन येणार आहे तो त्याच दिवशी हलवायचा नाही. हॉट ग्लू, म्हणजे विजेच्या गनमधून वितळून येणारा गोंद, पटकन धरतो म्हणून मोह होतो, पण त्या गनचं टोक दीडशे-पावणेदोनशे डिग्रीपर्यंत तापतं, ती मोठ्यांच्या हातात, भिंतीकडच्या टेबलावर, वायर कोणाच्या पायात येणार नाही अशी, आणि मुलाने नुसतं बोटाने दाखवायचं इथे लाव म्हणून.

मला स्वतःला विचाराल तर मुलं-मोठी एकत्र असताना शिवलेल्या वहीसारखं दुसरं काही नाही, म्हणून तिची तयारी जरा सविस्तर सांगते. एका वहीला ए-फोरचे 5 कागद आणि कव्हरला एक जाड कागद. पाचही कागद एकात एक घालून मधोमध घडी घातली की 20 पानं होतात. आतले कागद नेहमीचे प्रिंटचे 80 जीएसएमचे चालतात (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा तेवढा कागद जाड), कव्हरला 200 ते 250 च्या मधलं काहीतरी. जाड कागद तसाच दुमडला तर घडीवर तडकतो, म्हणून आधी पट्टी लावून शाई संपलेल्या बॉलपेनने घडीच्या जागी एक रेघ दाबून ओढायची आणि मग दुमडायचं, घडी अशी सरळ येते की मुलं परत परत उघडून बघतात. असं एक संपलेलं पेन आत्ताच बाजूला काढा, नेमकं लागतं तेव्हा सापडत नाही.

भोकं तीन, एक बरोबर मध्ये आणि बाकीची दोन वरच्या-खालच्या कडेपासून 3-3 सेंटिमीटरवर. दाभण किंवा जाड सुई, खाली पुठ्ठ्याचे दोन थर, आणि भोकं पाडायचं काम मोठ्यांचं. दोरा वहीच्या उंचीच्या तिप्पट, म्हणजे वही 21 सेंटिमीटरची असेल तर 65 सेंटिमीटरचे तुकडे आधीच कापून ठेवायचे, एक-दोन जास्तीचे. दोऱ्यावरून मेणाचा तुकडा एकदा फिरवला की तो गुंतत नाही. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकातून आत, आतल्या आत सरळ खालच्या भोकापर्यंत जाऊन बाहेर, आणि परत मधल्यातून आत. आता दोऱ्याची दोन टोकं आत आली, मध्ये जो लांब टाका आहे त्याच्या एका बाजूला एक आणि दुसऱ्या बाजूला एक टोक ठेवून गाठ मारायची. दोरा ओढताना घडीच्या दिशेने ओढायचा, आपल्याकडे खेचला तर भोक फाटून लांब होतं, हे एकच वाक्य मुलांना आधी सांगा. बोथट टोकाची सुई दिली तर सहा-सात वर्षांचं मूल हे शिवतं, स्वतःचं स्वतः, आणि ती गाठ मारून झाल्यावर जे बघतं आपल्याकडे...

कागदाचं अजून एक, कागदाला आणि पुठ्ठ्याला दिशा असते. हलकेच वाकवून बघा, एका बाजूने तो सहज वाकतो, दुसऱ्या बाजूने अडतो, ज्या दिशेने सहज वाकतो त्या दिशेची घडी स्वच्छ येते. खोक्याच्या पुठ्ठ्यात तर आतल्या नळ्या दिसतातच, नळ्यांना समांतर दुमडला तर मऊ वाकतो, आडवा दुमडला तर चुरगळतो, पण घराची भिंत उभी करायची असेल तर नळ्या उभ्या ठेवायच्या, भार त्याच घेतात. हे मुलांना तोंडी न सांगता दोन तुकडे हातात द्या आणि दोन्हीकडून वाकवायला लावा.

घडीकाम करणार असाल तर चौकोनी कागद आधी मोजून कापा, कारण बाजू एक मिलिमीटर जरी इकडेतिकडे असेल तरी दहाव्या घडीला टोक जुळत नाही आणि मूल समजतं आपलंच चुकलं. ए-फोरचा चौकोन करताना कोपरा तिरका दुमडून उरलेली पट्टी कापायची, ती 87 मिलिमीटर रुंद निघते, फेकू नका, तिचे बुकमार्क होतात. पहिल्यांदा करणाऱ्यांना मोठा कागद द्या, 15 सेंटिमीटरचा नेहमीचा कागद लहान बोटांना छोटा पडतो, 20-21 चा बरा. आकृत्या बघून करणार असाल तर खुणा एकदा वाचून घ्या, नुसत्या तुटक रेघा म्हणजे घडी आपल्याकडे, दरी पडते तशी, आणि रेघ-टिंब म्हणजे मागे, डोंगरासारखी. रेघा आणि बाणांची ही पद्धत जपानच्या अकिरा योशिझावा यांनी रुजवली, म्हणून जपानी अक्षर वाचता आलं नाही तरी त्यांच्या आकृतीवरून घडी घालता येते, मोठ्या मुलांना हे सांगितलं की डोळे चमकतात.

कात्र्या मोजा. माणशी एक नसली तरी दोघांत एक हवीच, आणि प्रत्येक कात्रीने आधी कागद कापून बघा, धार गेलेली कात्री कागद कापत नाही, दुमडते, आणि मूल दोष स्वतःला देतं. बोथट टोकाची म्हणजे बोथट धारेची नव्हे, हा घोळ फार होतो. कोणी डावखुरं आहे का आधी विचारा, डावऱ्या कात्रीत पाती उलटी बसवलेली असतात त्यामुळे कापायची रेघ त्यांना दिसते, साध्या कात्रीत ती पात्याखाली लपते, म्हणून एखादी खरी डावखुरी कात्री ठेवाच. आणि गोल कापताना कात्री नाही, कागद फिरवायचा. कटर मोठ्यांचाच, खाली मॅट, बाजूला स्टीलची पट्टी, प्लास्टिकच्या पट्टीवर पातं चढतं आणि बोटावर येतं.

रंगांत पोस्टर कलर आणि अ‍ॅक्रिलिक यातला फरक आधी सगळ्यांना सांगा, अ‍ॅक्रिलिक एकदा वाळला की कपड्यातून जात नाही आणि ब्रशही कडक होऊन जातो, त्यामुळे लहानांपुढे पोस्टर कलरच, आणि मोठ्यांना अ‍ॅक्रिलिक हवाच असेल तर त्यांचं पाण्याचं भांडं वेगळं आणि ब्रश सतत पाण्यात. लाल, पिवळा, निळा, पांढरा, थोडा काळा एवढे पुरतात, बाकीचे मिसळू द्या.

मीठ-मैद्याच्या पिठाचे आकार करणार असाल तर दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, पाणी वाटीभरापर्यंत पण थोडं थोडं घालत, आणि अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड लाटू नका, आतून ओलं राहतं आणि मग तडा जातो. घरात कुत्रा असेल तर हे पीठ उंचावर ठेवा, इतकं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

तीन वर्षांखालचं कोणी येणार असेल तर मणी, चिकटवायचे छोटे डोळे, बटणं हे सगळं टेबलावरून काढा, आणि बटण सेल किंवा छोटे गोल मॅग्नेट तर कुठल्याही वयात क्राफ्टच्या डब्यात नकोत, गिळले तर अन्ननलिकेला किंवा आतड्याला इजा करतात. यात मी तडजोड करत नाही.

आदल्या संध्याकाळी टेबलावर जुनी चादर किंवा प्लास्टिक घालून कडांना मास्किंग टेप लावा, दोन ओली फडकी आणि एक कोरडं, गोंद बाटलीतून न देता वाटीत थोडा थोडा, ब्रशने लावायला, कारण बाटली दाबली की निम्मा गोंद एकाच जागी. नमुना म्हणून आपण केलेली वस्तू ठेवायची का, तर मी ठेवते, पण अर्धवट उघडी किंवा एखादी बाजू न रंगवलेली, नाहीतर सगळे तिचीच नक्कल करत बसतात.

आणि मोठ्यांना त्यांचं स्वतःचं सामान द्या! हे मनापासून सांगते. आई किंवा काका मदतनीस म्हणून बसले की दहा मिनिटांत मुलाच्या हातातली कात्री त्यांच्या हातात जाते, तू थांब मी करते, आणि मूल उठून जातं. त्यांना स्वतःची वही शिवायला दिली की ते आपल्या घडीत गुंततात, त्यांचीही गाठ सुटते, मुलगी सांगते बाबा तसं नाही असं, आणि सगळं टेबल एका पातळीवर येतं. मदत फक्त मागितल्यावर, आणि ती शक्यतो वेगळ्या तुकड्यावर करून दाखवायची, मुलाच्या वस्तूला हात लावायचा नाही.

लवकर आटपणाऱ्यांसाठी लोकर आणि पुठ्ठ्याच्या दोन चकत्या ठेवा, मध्ये भोक असलेल्या, गोंडा करायला. दाट हवा असेल तर मधलं भोक जवळपास भरेपर्यंत लोकर गुंडाळायची, कमी गुंडाळली की गोंडा केविलवाणा होतो.

शेवटची तयारी वाळवायच्या जागेची, तीही आधीच, कारण ओल्या वस्तू हातात घेऊन सात-आठ मुलं उभी असतात तेव्हा जागा शोधायची नसते. दोरी आणि चिमटे चित्रांसाठी, जाळी किंवा प्लास्टिकची शीट लगद्याच्या वस्तूंसाठी, साध्या कागदावर ठेवल्या तर चिकटून बसतात. नाव आणि तारीख मागच्या बाजूला पेन्सिलने, काम सुरू करायच्या आधी, ओल्या गोंदावर नंतर लिहिता येत नाही. अर्धवट राहिलेल्यांसाठी एकेक पाकीट, आत उरलेला दोरा, कागद आणि सुई पुठ्ठ्यात खोचून. सुया दिल्या तेवढ्या परत आल्या का मोजा, आणि गोंदाच्या बाटल्यांची झाकणं लावायचं काम सगळ्यात लहानाला द्या, तो एकही विसरत नाही.