गुडरीड्सवरून स्टोरीग्राफवर नेताना मराठी पुस्तकांच्या नावांचा कचरा होतोय? असं सुटलं

गुडरीड्स आणि स्टोरीग्राफ म्हणजे वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवायच्या साइट्स. लक्षण असं, की गुडरीड्समधून काढलेली सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामांनी तोडलेली साधी यादी) डबल क्लिक करून उघडली तर इंग्रजी पुस्तकं नीट, पण मराठी नावांच्या जागी टोपीवाली रोमन अक्षरं आणि चौकोन, आणि तीच सेव्ह करून स्टोरीग्राफला दिली की मराठी एकही पुस्तक सापडत नाही. फॉन्ट बदलून बघितला, परत एक्स्पोर्ट केलं, काही नाही. त्यात रत्नागिरीचा पाऊस, अपलोड अर्ध्यावर आलं की लाईट गेलीच, डोकं फिरलं नुसतं.

फाईल मुळात बरोबरच असते, यूटीएफ-8 मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग, ज्यात मराठीही बसते). स्प्रेडशीट ती भलत्याच एन्कोडिंगने वाचतं आणि सेव्ह केलं की कचरा कायमचा.

तर आधी ब्राउझरमध्ये (अ‍ॅपमध्ये नाही मिळत) माय बुक्स, मग टूल्सखाली इम्पोर्ट अँड एक्स्पोर्ट, एक्स्पोर्ट लायब्ररी, लिंक आली की डाउनलोड. फाईल उघडायची नाही, तशीच स्टोरीग्राफच्या गुडरीड्स इम्पोर्टमध्ये टाकायची. काही बदलायचंच असेल तर गूगल शीट्समध्ये फाईल मेनूतून इम्पोर्ट करा, काम झालं की डाउनलोडमधून सीएसव्ही घ्या, अक्षरं शाबूत राहतात.

जुन्या मराठी पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तक ओळखायचा क्रमांक) नसतो, नव्यांना 978-81 किंवा 978-93 ने सुरू होणारा असतो, त्यामुळे जुनी काही राहतातच, ती हाताने भरा. पाव स्टार देता येतो म्हणून मला स्टोरीग्राफ आवडतं, पण गप्पांचे ग्रुप गुडरीड्सवरच जास्त, तिथलं खातं डिलीट करू नका.