हेवी-ड्यूटी पिकअपचे खरे ॲव्हरेज कसे काढावे आणि डॅशबोर्डवरचा आकडा कसा पडताळावा

अमेरिकेत नवी मोटार विक्रीला उभी असते तेव्हा तिच्या काचेवर एक कागद चिकटवलेला असतो आणि ईपीएच्या, म्हणजे तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेच्या, चाचणीपद्धतीनुसार ती गाडी शहरात आणि महामार्गावर गॅलनमागे किती मैल जाईल हे त्यावर छापलेले असते. फोर्ड एफ-१५० किंवा शेव्हरोले सिल्व्हरॅडो १५०० घेणाऱ्याला हा आकडा मिळतो. एफ-२५०, रॅम २५०० किंवा सिल्व्हरॅडो २५०० एचडी अशी हेवी-ड्यूटी, म्हणजे जड कामाची, पिकअप घेणाऱ्याला मात्र तो मिळत नाही, कारण गाडीचे स्वतःचे आणि तिच्यावर लादता येणारे वजन मिळून होणारी अधिकृत कमाल मर्यादा ८,५०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ३,८५६ किलोच्या, वर गेली की पिकअपसाठी हा आकडा छापण्याचे बंधन राहत नाही. त्यामुळे या गाड्यांच्या मालकाजवळ दोनच आधार उरतात: इतर मालकांचे सांगणे आणि समोरच्या डॅशबोर्डवर दिसणारा सरासरीचा आकडा. पहिल्यात वजन, वेग आणि रस्ता यांचा उल्लेख क्वचितच असतो, तर दुसरा आकडा हा मोजलेला नसून अंदाजाने काढलेला असतो. म्हणून ज्याला ट्रेलर ओढायचा आहे, व्यवसायाचा खर्च मांडायचा आहे किंवा डिझेल आणि पेट्रोल इंजिनांतून निवड करायची आहे, त्याने आपल्या गाडीचे ॲव्हरेज स्वतः काढावे. पुढील पद्धत त्यासाठी आहे.

डॅशबोर्डचा आकडा येतो कुठून

बहुतेक गाड्यांत इंधनाच्या नळीवर प्रवाह मोजणारे मीटर नसते. इंजिनाचा संगणक प्रत्येक इंजेक्टर, म्हणजे इंधन फवारणारा भाग, किती वेळ उघडा ठेवायचा हे ठरवतो, इंधनाचा दाब त्याला ठाऊक असतो आणि या दोहोंवरून किती इंधन गेले असावे याचा तो हिशेब करतो. इंजेक्टर झिजलेला असेल किंवा कारखान्यातून येतानाच त्याच्या प्रवाहात थोडा फरक असेल, तर तो फरक या हिशेबात उतरत नाही. दुसरीकडे, अंतर चाकांच्या किंवा गिअरबॉक्सच्या फेऱ्यांवरून काढले जाते, आणि त्यासाठी टायरचा जो घेर संगणकात भरलेला असतो तोच खरा मानला जातो. म्हणजे भाजक आणि भाज्य हे दोन्ही अंदाज आहेत. व्यवहारात डॅशबोर्डचा आकडा बहुधा खऱ्यापेक्षा चढा निघतो, परंतु तो किती चढा आहे हे गाडीगणिक बदलते. त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीत आढळलेली टक्केवारी आपल्या गाडीला लावू नये.

टाकी भरण्याची शिस्त

मूळ पद्धत सर्वांना माहीत आहे: टाकी फुल करावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावे, गाडी चालवावी, पुन्हा टाकी फुल करावी आणि कापलेल्या मैलांना दुसऱ्या वेळी भरलेल्या गॅलनांनी भागावे. चूक होते ती भागाकारात नव्हे, तर ‘फुल’ या शब्दाच्या अर्थात. डिझेल भरताना फेस येतो. ट्रकांसाठी असलेल्या जास्त प्रवाहाच्या पंपावर नोझल पूर्ण दाबले की फेस गळ्यापर्यंत चढतो, नोझल खटकन बंद होते आणि टाकीत अजून गॅलन-दोन गॅलनांची जागा शिल्लक असते. मिनिटभर थांबले की फेस बसतो आणि पुन्हा डिझेल जाऊ लागते. एका वेळी पहिल्या खटक्याला थांबले आणि पुढच्या वेळी फेस बसू देऊन भरले, तर गाडीत काहीही न बदलता ॲव्हरेज बदललेले दिसते.

यावर उपाय असा की शक्यतो एकाच पेट्रोल पंपावर, त्याच यंत्रावर, गाडी त्याच दिशेने उभी करून, नोझल सर्वांत मंद खाचेवर ठेवून भरावे आणि पहिल्या खटक्याला थांबावे. पंपाची जमीन एका बाजूला उतरती असेल तर टाकीतील हवेचा कप्पा बदलतो, म्हणून दिशा महत्त्वाची ठरते. गळ्याच्या काठापर्यंत ठासून भरण्याचा मोह टाळावा. पेट्रोलच्या गाडीत तसे केल्याने टाकीतील वाफ अडवणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव इंधन शिरण्याचा धोका असतो. पंपाचे माप सहसा अडचण करत नाही, कारण अमेरिकेत वापरातील पंपाला पाच गॅलनांच्या चाचणीत सहा घन इंचांची, म्हणजे साधारण अर्ध्या टक्क्याची, सूट असते. भरणाऱ्याच्या हातून होणारा फरक त्याहून कितीतरी मोठा असतो.

थोडे इंधन जाळून निष्कर्ष काढू नये, हे त्याहून महत्त्वाचे. भरण्यात एका गॅलनाचा फरक पडला तर दहा गॅलनांच्या भरण्यात तो दहा टक्के होतो, तीस गॅलनांत सव्वातीन टक्क्यांच्या आसपास येतो, आणि लागोपाठ पाच टाक्यांची, समजा दीडशे गॅलनांची, बेरीज घेतली तर एका टक्क्याच्याही खाली जातो. याचे कारण असे की मधल्या एखाद्या भरण्यात कमी पडलेले इंधन पुढच्या भरण्यात आपोआप भरून निघते, आणि चूक फक्त पहिल्या व शेवटच्या खटक्यापुरती उरते. म्हणून प्रत्येक पावती जपावी आणि एकूण मैलांना एकूण गॅलनांनी भागावे. प्रत्येक टाकीचे ॲव्हरेज काढून त्यांची पुन्हा सरासरी घेणे हा सर्रास होणारा चुकीचा हिशेब आहे. दोनशे मैल गॅलनमागे १० ने आणि दोनशे मैल २० ने गेले, तर एकूण तीस गॅलन जळतात आणि खरे ॲव्हरेज १३.३ येते, १५ नव्हे.

अंतराची पडताळणी

गॅलन नीट मोजूनही मैल चुकीचे असतील तर उत्तर चुकीचेच येणार. एलटी २७५/७० आर १८ या मापाच्या टायरचा व्यास सुमारे ३३.२ इंच भरतो. त्याजागी ३५ इंची टायर बसवले आणि संगणकात माप बदलले नाही, तर प्रत्येक फेरीला गाडी साधारण साडेपाच टक्के जास्त पुढे जाते, पण ओडोमीटर ते अंतर मोजत नाही. उलट टायर झिजले की व्यास घटतो; नवा टायर पूर्ण झिजेपर्यंत सुमारे दोन टक्क्यांचा फरक पडू शकतो आणि ओडोमीटर तितके जास्त दाखवते.

तपासणीसाठी आंतरराज्य महामार्गाच्या कडेचे मैलांचे फलक चांगले उपयोगी पडतात. एखाद्या फलकाशी ओडोमीटरचे दशांशासह रीडिंग घ्यावे, चाळीस-पन्नास मैल जावे आणि पुन्हा फलकाशीच रीडिंग घ्यावे. रीडिंग घेण्याचे काम शेजारी बसलेल्याकडे द्यावे. फोनवरील जीपीएसने त्याच अंतराची फेरतपासणी केली तर उत्तम. पन्नास मैलांना ओडोमीटरने ४७.४ दाखवले, तर ५० भागिले ४७.४, म्हणजे १.०५५, हा आपला अंतराचा गुणक झाला.

हे दोन हिशेब वेगळे ठेवण्याचे महत्त्व एका नमुना उदाहरणाने स्पष्ट होते. समजा, वरील गुणक असलेल्या गाडीचे ट्रिप मीटर ४८६ मैल दाखवते, डॅशबोर्ड १७.८ म्हणतो आणि पंपावर २९.१ गॅलन बसले. साधा भागाकार १६.७ देतो, आणि मालक म्हणतो की डॅशबोर्ड साडेसहा टक्क्यांनी फुगवून सांगतो व मोठ्या टायरांनी ॲव्हरेज खाल्ले. प्रत्यक्षात गाडी ४८६ गुणिले १.०५५, म्हणजे सुमारे ५१२.७ मैल गेली आणि तिचे खरे ॲव्हरेज १७.६ आहे. डॅशबोर्डचा आकडा जवळजवळ बरोबर ठरला, तोही केवळ दोन चुकांनी एकमेकींना झाकल्यामुळे: ४८६ भागिले १७.८ केले तर संगणकाने २७.३ गॅलनच मोजले होते हे दिसते, म्हणजे इंधनाची मोजणी सहा टक्क्यांनी कमी होती. अशा मालकाने उद्या टायरचे माप संगणकात दुरुस्त केले की डॅशबोर्ड लगेच १८.८ च्या घरातील आकडा दाखवू लागेल आणि तो खऱ्यापेक्षा सव्वा मैलाने जास्त असेल. मोठे, जड टायर इंधन जास्त खातात हे खरेच आहे, पण त्यांच्या नावावर लिहिली जाणारी घट बरेचदा अंशतः ओडोमीटरची असते. माप बदलण्याचे काम डीलरकडे होते; फोर्डसाठी फोरस्कॅन आणि रॅमसाठी अल्फाओबीडी ही साधने वापरून अनेक मालक ते घरीच करतात.

एक ॲव्हरेज नव्हे, तीन

हेवी-ड्यूटी पिकअपचे ‘एक’ ॲव्हरेज सांगणे माझ्या मते दिशाभूल करणारे आहे. रिकामी गाडी महामार्गावर, मागे सामान लादलेली गाडी, आणि ट्रेलर ओढणारी गाडी यांच्या नोंदी वेगळ्याच ठेवाव्यात. रॅमचे ६.७ लिटर कमिन्स, फोर्डचे ६.७ लिटर पॉवर स्ट्रोक किंवा शेव्हरोलेचे ६.६ लिटर ड्युरामॅक्स डिझेल इंजिन रिकाम्या अवस्थेत महामार्गावर गॅलनमागे साधारण १६ ते २० मैल देते, आणि उंच, जड ट्रेलर मागे लावला की तेच ८ ते १२ वर येते. मोठी पेट्रोल व्ही-८ इंजिने रिकामी १२ ते १५ च्या आसपास आणि ट्रेलरसह ७ ते ९ देतात. लिटरमागे किलोमीटर मोजण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी या आकड्याला ०.४२५ ने गुणावे: १० मैल म्हणजे सव्वाचार किलोमीटर, १८ मैल म्हणजे साडेसात किलोमीटरांहून थोडे अधिक. कॅनडातील जुन्या चालकांशी तुलना करताना त्यांचा गॅलन कोणता हे विचारून घ्यावे, कारण ब्रिटिश गॅलन अमेरिकी गॅलनापेक्षा वीस टक्क्यांनी मोठा असतो.

नोंदवहीत प्रत्येक भरण्यासमोर मैल, गॅलन, डॅशबोर्डचा आकडा, ओढलेले वजन, नेहमीचा वेग आणि हवामान लिहावे. वेगाचा रकाना गाळू नये. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ६५ वरून ७५ मैलांवर गेल्यास तो सुमारे एकतृतीयांशाने वाढतो, आणि सपाट तोंडाच्या उंच ट्रेलरच्या बाबतीत वजनापेक्षा हा विरोधच जास्त इंधन खातो. गाडी उभी ठेवून इंजिन चालू राहिले तर मोठे डिझेल तासाला साधारण अर्धा गॅलन जाळते. बांधकामाच्या जागेवर दिवसाला तीन-चार तास असे गेले की महामार्गावर उत्तम चालणारी गाडीही वाईट दिसते, आणि त्यात गाडीचा दोष नसतो.

डिझेलमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. धुरातील काजळी अडवणारा फिल्टर भरला की गाडी जास्तीचे इंधन खर्चून त्याला तापवते आणि काजळी जाळून टाकते. त्या काळात तात्कालिक ॲव्हरेजचा आकडा एकदम खाली येतो. एखाद्या टाकीत ही क्रिया दोनदा झाली आणि पुढच्या टाकीत एकदाही झाली नाही, तर दोन टाक्यांची तुलना निरर्थक ठरते. अनेक टाक्यांची बेरीज घेण्याचे हेही एक कारण आहे. धूर स्वच्छ करण्यासाठी वेगळे भरावे लागणारे युरियाचे द्रावण, म्हणजे डीईएफ, ॲव्हरेजमध्ये धरू नये, पण मैलामागचा खर्च काढताना त्याची किंमत जरूर धरावी. पेट्रोल आणि डिझेल यांची तुलनाही मैल प्रति गॅलनवर न थांबवता मैलामागील पैशांत करावी, कारण गॅलनभर डिझेलमध्ये दहा टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलपेक्षा अधिक ऊर्जा असते आणि दोहोंचे दरही वेगळे असतात.

गुणक वापरावा कसा

पाच-सहा टाक्यांनंतर खऱ्या ॲव्हरेजला डॅशबोर्डच्या सरासरीने भागले की, अंतराच्या गुणकाहून वेगळा, डॅशबोर्डचा आकडा सुधारणारा गाडीचा स्वतःचा गुणक मिळतो. तो रिकाम्या आणि ट्रेलरच्या नोंदींसाठी स्वतंत्र काढावा. दोन्ही जवळजवळ सारखे आले तर पुढे डॅशबोर्डचा आकडा त्या गुणकाने गुणून रोजच्या कामाला वापरता येतो. टायर बदलले, इंजेक्टर बदलले किंवा संगणकातील प्रणाली अद्ययावत झाली की गुणक पुन्हा काढावा.

‘टाकी रिकामी होईपर्यंत उरलेले मैल’ हा आकडा मात्र गुणकानेही सुधारत नाही, कारण तो नुकत्याच झालेल्या प्रवासातील खपावर बेतलेला असतो. आठवडाभर रिकामी चाललेली गाडी ट्रेलर जोडल्यावरही काही काळ जुन्याच खपाने अंतर सांगते आणि मग तो आकडा झपाट्याने घसरतो. नेवाडा किंवा वायोमिंगसारख्या राज्यांत पंप दूर दूर असतात, तेथे हा फरक प्रत्यक्ष अडचणीत आणणारा आहे. निघण्यापूर्वी टाकीच्या क्षमतेतून पाच गॅलन वजा करावेत आणि उरलेल्या गॅलनांना आपल्या नोंदवहीतील ट्रेलरच्या ॲव्हरेजने गुणावे. ३४ गॅलनांच्या टाकीला आणि १० मैलांच्या ॲव्हरेजला हे अंतर २९० मैल येते. समोरून वारा असेल किंवा घाट चढायचा असेल तर दोनशे-सव्वादोनशे मैलांतच पुढचा पंप गाठता येईल अशी आखणी करावी.