गजकर्ण जातच नाहीये? आधी या चुका टाळा

जांघेत गजकर्णाची खाज सुटली की आपण कुणाला सांगत नाही, गुपचूप मेडिकलवर जातो, हळू आवाजात "खाजेवर काहीतरी द्या" म्हणतो आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. मीपण हेच केलंय, भर पावसाळ्यात अर्धवट वाळलेली जीन्स घालून रोज लोकलने जायचो तेव्हा, त्यामुळे उपदेश वगैरे समजू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ती मिक्स क्रीम, म्हणजे बुरशीच्या औषधात स्टेरॉइड मिसळलेली. ट्यूबवर बारीक अक्षरात क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. दोन दिवसांत खाज गायब होते, लाली उतरते, आपण खूश. पण गायब नक्की काय झालं? गजकर्णाची बुरशी कातडीच्या अगदी वरच्या, मेलेल्या थरात राहते आणि तिथलं केराटिन (कातडी, केस, नखं ज्याची बनतात ते प्रोटीन) खाते. तिथे रक्तवाहिन्याच नाहीत, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या आपल्या पेशींना खालून वर चढून यावं लागतं. बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकान नावाची साखर असते, ती माणसाच्या शरीरात कुठेच बनत नाही, म्हणून मॅक्रोफेज आणि डेंड्रायटिक या पहारेकरी पेशी अंगावरच्या डेक्टिन-१ नावाच्या रिसेप्टरने (पकडीने) ती ओळखतात की हा बाहेरचा आहे. मग टीएच-१७ नावाच्या टी पेशी जाग्या होतात, आयएल-१७ नावाचा निरोप सोडतात, त्या वासावर न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि खालची कातडी भराभर नवीन पेशी बनवून वरचा थर बुरशीसकट ढकलून देते. ते पांढरे पापुद्रे निघतात ना, ते हेच. आणि चट्टा गोल का, तर बुरशी मधून बाहेर सरकत जाते, मधली जागा निवळते आणि भांडण कडेला चालू राहतं, म्हणून कड लाल.

स्टेरॉइड हे सगळं बंद पाडतं. बुरशी जागच्या जागी, उलट आरामात पसरतेय, फक्त आरडाओरडा करणाऱ्या पेशी गप्प. मग चट्ट्याचा गोलपणाही जातो आणि डॉक्टरही चकतात. या वेश बदललेल्या गजकर्णाला १९६८ सालीच टीनिया इन्कॉग्निटो असं नाव पडलंय. आपल्याकडे २०१८ मध्ये १४ स्टेरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकल्या, म्हणजे चिठ्ठीशिवाय मिळायला नकोत. मिळतात का, ते तुम्हीच बघा.

आधीच लावून बसला असाल तर ती ट्यूब घेऊन स्किनवाल्या डॉक्टरकडे जा, लपवू नका. बंद केल्यावर काही दिवस लाली आणि खाज उसळू शकते. त्या पेशी परत कामाला लागल्यात, म्हणून घाबरून तीच क्रीम परत चोळू नका. (दम्यासाठी वगैरे स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असतील तर त्या मात्र मनाने थांबवायच्या नाहीत, ती वेगळी गोष्ट.)

दुसरी चूक, खाज थांबली की औषध बंद. खाज आधी जाते, बुरशीचे तंतू नंतर, आणि ट्रायकोफायटॉन रुब्रमसारख्या गजकर्णाच्या बुरशीच्या भिंतीतलं मॅनन (हीपण एक साखरच) तर टी पेशींना सुस्तच करतं, म्हणून काहींचं गजकर्ण वर्षानुवर्षं रेंगाळतं. डॉक्टरने सांगितलेले आठवडे पूर्ण करा, चट्ट्याच्या बाहेर बोट-दोन बोटं लावा.

पूर्ण कोर्स करूनही फरक नसेल तर शेजाऱ्याची गोळी मागू नका. ट्रायकोफायटॉन इंडोटिनी नावाची एक बुरशी आहे, २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या पेशंटकडून मिळालेल्या नमुन्यांवरून तिला हे नाव दिलं, आणि तिच्यावर टर्बिनाफिन हे बुरशीचं नेहमीचं औषध बऱ्याचदा चालतच नाही. अशा वेळी कडेची कातडी खरवडून केओएच टेस्ट (मायक्रोस्कोपखाली बुरशी दिसते का ते बघायचं) आणि जमलं तर कल्चर (लॅबमध्ये ती बुरशी वाढवून बघणं) करून घ्यावं. आणि उरलेली अँटिबायोटिक तर अजिबातच नको, ती बॅक्टेरियावर चालते.

इम्युनिटी वाढवायला काढा पिणारे खूप भेटतात, पण शुगर तपासलेली नसते. न्यूट्रोफिलला लांबलचक तंतू गिळता येत नाही, तेव्हा तो स्वतःचा डीएनए जाळ्यासारखा बाहेर फेकून त्यात बुरशीला अडकवतो (ही जाळी २००४ मध्ये सापडली, मला तरी भन्नाट वाटतं). शुगर वाढलेली असली की हेच न्यूट्रोफिल ढिले पडतात. २०२१ मध्ये ब्लॅक फंगसने जे हाल केले त्यात बेताल डायबेटीस आणि स्टेरॉइड ही जोडी पुन्हा पुन्हा दिसली. ती बुरशी वेगळी, गजकर्णाचं काही तसं होत नाही, पण सारखं सारखं उलटत असेल तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट) करून घ्याच.

आणि घरात अजून कोण खाजवतंय ते विचारा. गजकर्ण एकदा झालं म्हणजे परत होत नाही असं काही नसतं, कांजिण्यांसारखं नाहीये हे. टॉवेल वेगळे, चड्ड्या उन्हात नाहीतर इस्त्रीखाली वाळवा, आणि ज्यांना झालंय त्या सगळ्यांनी एकदमच औषध घ्या, नाहीतर तुम्ही बरे व्हाल आणि पुढच्या महिन्यात भावाच्या टॉवेलवरून तेच परत घेऊन याल.