व्यायाम करताना खवाटे कसे हलू द्यावेत

व्यायामशाळेत नव्या मुलाला पहिल्याच दिवशी ऐकवतात, "खांदे मागे, खाली, आणि तसेच घट्ट धर." बेंच प्रेसला हे ठीक आहे, कारण तिथे पाठ बाकाला टेकलेली असते आणि खवाटे स्थिर लागतात. पण हात डोक्यावर नेतानाही मुलं तेच करतात, आणि मग खांदा अवघडतो.

खवाटा म्हणजे खांद्याचं तिकोनी पातं. दुसऱ्या ते सातव्या बरगडीवर ते स्नायूंच्या आधाराने सरकतं. धडाशी त्याला हाडाने जोडणारं एकटं कॉलर बोन. म्हणजे ते हलण्यासाठीच आहे.

आधी ही हालचाल बोटाने ओळखा. जोडीदाराला पाठमोरं उभं करा आणि खवाट्याच्या खालच्या टोकावर बोट ठेवा. त्याला हात बाजूने सावकाश वर न्यायला सांगा. पहिले ३० अंश टोक जेमतेम हलतं. मग बोटाखालून सरकत काखेकडे निघतं. हात पूर्ण वर गेला की १८० अंशांपैकी साधारण १२० खांद्याच्या सांध्याचे आणि ६० खवाट्याच्या फिरण्याचे असतात. आता खांदे मुद्दाम खाली दाबून हात वर न्यायला सांगा. कानापर्यंत पोचता पोचता अडतो. हा फरक प्रत्येकाने एकदा तरी अनुभवावाच.

मग ओणवे व्हा, तळवे-गुडघे जमिनीवर. कोपर न वाकवता छाती खाली सोडा, खवाटे जवळ येतील. जमीन ढकला, ते लांब जातील. असं सावकाश दहा वेळा.

हेच जोर मारताना करा: खाली जाताना खवाटे जवळ, वर आल्यावर शेवटचा इंचभर रेटा देऊन लांब. हा रेटा बरेच जण सोडून देतात. बरगड्यांवरून खवाट्याला पुढे ओढणारा स्नायू इथेच कामाला लागतो.

पुढे वाकून डंबेल ओढताना हात खाली गेला की खवाटा पुढे जाऊ द्या, ओढताना मणक्याकडे आणा. वजन डोक्यावर ढकलताना मात्र शेवटी खांदे कानांकडे थोडे उचलू द्या.

भिंत ढकलताना एकाच बाजूचा खवाटा पंखासारखा बाहेर येत असेल आणि तो हात वर न्यायला जड जात असेल, तर वजन उचलणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. खवाट्याला पुढे ओढणाऱ्या स्नायूची नस दुखावली असली, तरी असं होतं.