दिवाळखोर सराफाकडे अडकलेले आईचे तोडे

तोड्याचा पेच झिजला, म्हणून लक्ष्मी रोडवरच्या सराफाकडे वॉरंटीत दुरुस्तीला दिले. तेवढ्यात कंपनी दिवाळखोरीत गेली, शटरवर नोटीस लागली. आई जेवेना.

ग्राहक आयोगात जायला निघालो होतो, पण वकील मित्राने थांबवलं. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम १४ नुसार स्थगिती लागली की कंपनीवरचे दावे तिथेच थांबतात. खरा आधार कलम १८ चा. दुरुस्तीला दिलेला दागिना आपलाच राहतो, तो कंपनीच्या मालमत्तेत धरत नाहीत. सोन्याच्या योजनेत पैसे भरलेल्यांना मात्र दावा दाखल करून रांगेत थांबावं लागतं, त्याचं फार वाईट वाटतं.

नोटिशीवर रिझोल्यूशन प्रोफेशनलचा, म्हणजे दिवाळखोरीत कंपनीचा कारभार सांभाळायला नेमलेल्या व्यक्तीचा, पत्ता होता. त्यांना 'दावा' न लिहिता 'माझी वस्तू परत द्या' असं लिहिलं. सोबत वजन लिहिलेली दुरुस्तीची पावती, मूळ बिल आणि तोड्यांवरचा सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कसोबत कोरलेला दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, जोडला. सारख्या दिसणाऱ्या तोड्यांच्या ढिगातून आमचे ओळखले गेले ते त्या एचयूआयडीमुळेच. वजन करून, सही घेऊन परत दिले.

वॉरंटी गेली. पेच रविवार पेठेतल्या कारागिराकडून पैसे देऊन बसवला. तुमचं काही अडकलं असेल तर आधी दुरुस्तीची पावती शोधा.